बागेतल्या रणगाड्याबद्दल खरं तेच लिहा

प्रति,
उद्यान सुशोभीकरण समितीचे सर्व सभासद,
नागपूर

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुम्ही रणगाड्याच्या माहिती फलकाचा कच्चा मजकूर बागेच्या फाटकाशी लावला आणि खाली ‘सूचना असल्यास कळवाव्यात’ असं लिहिलं, त्याबद्दल आधी मनापासून आभार. मी तो सकाळी फिरायला आलो तेव्हा वाचला, दोन फेऱ्या मारून पुन्हा वाचला आणि घरी जाऊन हे पत्र लिहायला बसलो. पत्र सगळ्यांसमोर ठेवतो आहे, कारण रणगाडा सगळ्या वस्तीचा आहे.

मजकुराची पहिली ओळ अशी आहे: ‘१९६५ च्या युद्धात शत्रूची दाणादाण उडवणारा रशियन बनावटीचा अजिंक्य रणगाडा.’

मी याच जातीच्या रणगाड्यात गनर म्हणून, म्हणजे तोफेचा नेम धरणारा म्हणून, नऊ वर्षं काढली आहेत. तो रशियन नाही. १९६५ च्या युद्धात तो नव्हता. आणि अजिंक्य असा रणगाडा जगात कुणी बनवलेला नाही. या रणगाड्याचं नाव विजयंता. आपल्या देशात बांधला गेलेला हा पहिला मुख्य रणगाडा. हे नावच मजकुरात कुठे नाही, आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

रशियन असल्याचा समज कुठून आला असेल ते मी समजू शकतो. सैन्यातून निवृत्त झालेले टी-५५ रणगाडे देशभर चौकाचौकांत उभे आहेत आणि लांबून दोघं सारखेच वाटतात. ओळखायची सोपी खूण सांगतो, ती फलकावरही टाकता येईल. जमिनीला टेकलेली मोठी चाकं मोजा. टी-५५ ला एका बाजूला पाच असतात आणि पहिल्या-दुसऱ्या चाकात ठळक फट दिसते. आपल्या बागेतल्याला सहा आहेत, आणि त्यांच्या वर पट्टा उचलून धरणाऱ्या तीन छोट्या चकत्या आहेत. टी-५५ ला या वरच्या चकत्या नसतातच. तोफेवरून ओळखायला जाऊ नका, कारण आपल्या सैन्याने पुढे बऱ्याच टी-५५ वर विजयंताचीच १०५ मिलिमीटरची तोफ चढवली होती.

आता साल. विकर्स या ब्रिटिश कंपनीशी करार झाला १९६१ साली. कंपनीने आराखडा केला, पहिला नमुना १९६३ ला तयार झाला, सुरुवातीचे काही रणगाडे इंग्लंडहून बांधून आले आणि मग चेन्नईजवळ आवडीच्या कारखान्यात ते बनू लागले. सैन्यात हा रणगाडा दाखल झाला डिसेंबर १९६५ च्या शेवटी. युद्धविराम झाला होता २३ सप्टेंबरला. म्हणजे ते युद्ध संपून तीन महिने उलटल्यावर हा आला. ६५ ला आपल्या बाजूने जे रणगाडे लढले ते सेंच्युरियन, शेरमन आणि एएमएक्स. फिलौरा-चाविंडाच्या लढाईत पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल तारापोर ज्यात होते तो सेंच्युरियन होता. ७१ ला बसंतरच्या लढाईत अरुण खेत्रपाल ज्यात शहीद झाले तोही सेंच्युरियनच, आणि तो आज अहिल्यानगरला जपून ठेवला आहे. त्यांचं श्रेय या रणगाड्याच्या अंगावर लिहिलं, तर त्यांचंही जातं आणि याचंही स्वतःचं काही उरत नाही.

मागच्या भिंतीवर लोंगेवालाचं चित्र काढायचं ठरलं आहे, त्यात विजयंता पाकिस्तानी रणगाड्यांवर तोफा डागताना दाखवणार असं ऐकलं. कृपा करून तसं करू नका. ४ डिसेंबर १९७१ च्या त्या रात्री ठाण्यावर आपला एकही रणगाडा नव्हता. तिथे २३ पंजाब या पलटणीचे शंभर-सव्वाशे जवान होते, जीपवर बसवलेली रिकॉइललेस (मागे धक्का न देणारी) तोफ होती, आणि उजाडल्यावर जैसलमेरहून उडालेली हंटर विमानं आली. रणगाडे होते ते समोरच्याकडे, आणि त्यातले बरेच वाळूत रुतले. लोंगेवालाचं मोठेपण यातच आहे. भिंतीवर आपल्या बाजूने रणगाडा काढला की त्या रात्री पायदळाने जे केलं ते पुसलं जाईल. कामठीच्या गार्ड्सच्या केंद्रातून निवृत्त झालेली पायदळाची माणसं आपल्याच वस्तीत राहतात. त्यांच्यापैकी कुणालाही विचारा.

मग विजयंता काय करू शकत होता? यावर फलकात एकच ओळ आहे, ‘शक्तिशाली तोफ’. त्या तोफेवर डोळा लावून मी बसलो आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. त्यातलं किती घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

ब्रिटिशांची १०५ मिलिमीटरची एल-७ ही त्या काळातली जगातल्या उत्तम रणगाडा-तोफांपैकी एक होती. जर्मनीच्या लेपर्ड रणगाड्यावर तीच, अमेरिकेच्या एम-६० वर आणि सुरुवातीच्या एम-१ अब्राम्सवर तिच्याच घराण्यातली. आपण बरीच वर्षं जगाच्या बरोबरीची तोफ घेऊन उभे होतो, हे मुलांना कळायला हवं. नळीच्या मध्याच्या आसपास जो फुगीर भाग आहे, त्यात बॉम्ब ठेवत असत असं परवा एक आई मुलाला सांगत होती. तो धूर काढायचा भाग आहे. गोळा सुटताना थोडा वायू त्या पोकळीत शिरतो, आणि गोळा बाहेर पडला की तोच वायू जोराने पुढच्या तोंडाकडे सुटून नळीतला धूर ओढून नेतो. तो नसता तर गोळा भरणाऱ्या लोडरने नळीचं मागचं दार उघडताच सगळा विषारी धूर आमच्या छातीत गेला असता.

गोळे मुख्यतः दोन प्रकारचे. एकाला आम्ही सॅबो म्हणायचो. त्यात स्फोटक नसतंच. नळीतून बाहेर पडला की त्याच्या भोवतीचं वेष्टण गळून पडतं आणि आतला टंगस्टनचा कठीण गाभा सेकंदाला जवळपास दीड किलोमीटर वेगाने जातो. पोलादाला भोक पडतं ते निव्वळ या वेगाने. दुसरा हेश. हा हळू जातो, पण आपटला की त्याचं मऊ स्फोटक समोरच्या पत्र्यावर शेणाची गोवरी थापावी तसं पसरतं आणि मग बुडाशी असलेल्या फ्यूजमुळे फुटतं. पोलादाला आरपार भोक पडत नाही, तरी आतल्या बाजूचा पापुद्रा सुटून आत बसलेल्यांवर उडतो. बंकर आणि पक्क्या भिंतींनाही तोच वापरत. एकेक गोळा १८ ते २१ किलोचा. रणगाड्यात असे ४४ असायचे, आणि ते हलत्या, डचमळत्या टरेटमध्ये, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजात, एकटा लोडर उचलून भरायचा. तेव्हा आपोआप गोळा भरणारं यंत्र या रणगाड्यात नव्हतं. ते यंत्र म्हणजे एक माणूस होता.

अंतर कसं मोजायचं? आज लेझर आहे. आमच्या सुरुवातीच्या दिवसांत मुख्य तोफेशेजारी १२.७ मिलिमीटरची एक मशीनगन बसवलेली असे, तिच्या गोळीची वाट तोफगोळ्याच्या वाटेशी जुळवलेली. गनरने आधी तिच्या तीन गोळ्यांची छोटी फैर सोडायची, ती कुठे लागली त्याची ठिणगी दुर्बिणीतून पाहायची, लागली नाही तर पुढची खूण धरून पुन्हा सोडायची, आणि ठिणगी निशाण्यावर उमटली की त्याच खुणेवर मोठी तोफ डागायची. साधारण १८०० मीटरपर्यंत ही पद्धत चोख चालायची. त्यापलीकडे डोळा आणि अनुभव. धूळ उडाली, उन्हाने जमिनीवर मृगजळ नाचू लागलं, की ती ठिणगी शोधताना डोळ्यांत पाणी यायचं. मी ‘ऑन’ म्हणायचो, कमांडर ‘फायर’ म्हणायचे, आणि त्या दोन शब्दांमधल्या क्षणात आपण बरोबर पाहिलं ना, हा एकच विचार असायचा. पुढे काही रणगाड्यांवर लेझर अंतरमापक आणि नवी नियंत्रण यंत्रणा बसली. काम खूप सोपं झालं.

आणखी एक गुण बाहेरून लक्षात येत नाही. ही तोफ सात अंशांपर्यंत खाली झुकायची. आपल्याकडे शेताचा उंच धुरा असतो ना, तसल्या बांधामागे सगळा रणगाडा लपवून फक्त टरेटचं डोकं वर काढायचं आणि खाली उतारावरच्या शत्रूवर मारा करायचा, हे विजयंताला छान जमायचं. सोव्हिएत रणगाडे बुटके, दिसायला कठीण, पण त्यांची तोफ एवढी झुकत नसे. पंजाबचे कालवे आणि बांध पाहिलेल्यांना याचं मोल कळेल.

आता उणी बाजू. समितीतल्या काहींचं म्हणणं असं की उणं काही लिहू नये, सैन्याचा अवमान होतो. मला नेमकं उलट वाटतं. ज्या यंत्रात उणीव होती त्यात बसून ज्यांनी काम केलं, त्यांचा मान ती उणीव लपवल्याने कमी होतो.

विजयंताचं कवच पातळ होतं. समोरून जाडीत जाडी सुमारे ८० मिलिमीटर. सेंच्युरियनच्या टरेटला समोर १५२ होती. हे चुकून झालं नव्हतं. चांगली तोफ हवी, वेग हवा, आणि वजन ४० टनांच्या आत हवं, असा हिशोब होता. सेंच्युरियन ५० टनांच्या वर जायचा आणि ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास पळायचा. विजयंता ३९ टनांचा, ताशी ४८. पूल, रेल्वेचे डबे, ओली जमीन, सगळीकडे हलकेपणा कामी येतो. तोफ आणि वेग घेतला, किंमत कवचाने चुकवली. ती किंमत आत बसणाऱ्या चौघांच्या जिवाची होती, आणि चौघांनाही ते ठाऊक होतं. चालक उजव्या हाताला पुढे बसायचा. त्याच्या डावीकडे, अगदी खांद्याशी, गोळ्यांचा साठा.

आणि इंजिन. लेलँड एल-६०. सहा सिलिंडर आणि बारा पिस्टन. एकेका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर येणारे, वर-खाली दोन क्रँकशाफ्ट. डिझेल, पेट्रोल, केरोसीन, काहीही घाला, चाललं पाहिजे, अशी कल्पना होती. कागदावर फार हुशार. ताकद ५३५ अश्वशक्ती. ब्रिटिशांच्या स्वतःच्या चीफ्टन रणगाड्यातही याच इंजिनाने त्यांना वर्षानुवर्षं सतावलं, आणि तिथे तर थंडी होती. आमच्याकडे राजस्थानची मे महिन्यातली दुपार. तेल गळायचं, पाणी तापायचं, काटा लाल पट्टीत गेला की थांबा. नवतपात गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दार लावून बसून पाहा, म्हणजे आतलं कसं असेल याचा थोडा अंदाज येईल. पिण्याच्या पाण्यातलं पाणी आम्ही रेडिएटरसाठी राखून ठेवायचो. ईएमईच्या, म्हणजे सैन्याच्या यंत्रदुरुस्ती दलाच्या, कारागिरांनी या इंजिनांवर जी मेहनत घेतली तिला तोड नाही. रात्री टॉर्चच्या उजेडात इंजिन बाहेर काढून सकाळी रणगाडा रांगेत उभा केलेला मी पाहिला आहे. फलकावर त्यांच्यासाठी एक ओळ हवीच.

एवढं असूनही आवडीत १९८३ पर्यंत हा रणगाडा बनत राहिला. एकूण संख्या सुमारे २,२०० सांगतात. त्याच्याच सांगाड्यावर १३० मिलिमीटरची तोफ चढवून कॅटापल्ट ही चालती तोफ झाली, पूल टाकणारी कार्तिक गाडी झाली. रणगाडा बांधायचा कसा, त्याच्या पोलादाला जोड द्यायचे कसे, हे आपल्या कारागिरांचा हात शिकला तो याच्यावर. २००८ च्या सुमारास शेवटचे विजयंता सैन्यातून निवृत्त झाले. परवा समितीच्या बैठकीत कुणीतरी त्याला ‘भंगार’ म्हणालं, असं कानावर आलं. त्या भाऊंना माझी नम्र विनंती आहे, एकदा माझ्यासोबत बागेत या.

हे सगळं मी मनात ठेवून गप्पही बसलो असतो. लिहायला भाग पाडलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

आमच्या रणगाड्याचा चालक उमरेडकडचा. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बोलायला कमी, पण रणगाडा असा चालवायचा की बांध ओलांडताना माझी दुर्बीण कपाळावर आपटत नसे. दोन वर्षांपूर्वी तो गेला. मागच्या महिन्यात त्याची मुलगी तिच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली होती. संध्याकाळी आम्ही बागेत गेलो. पोरगा आठ वर्षांचा. त्याने रणगाड्याला पूर्ण फेरी घातली, हात लावला, चाकांत डोकावला आणि मला विचारलं, “माझे आबा कुठे बसायचे?”

झाकणं वेल्डिंग करून बंद आहेत. असायलाच हवीत, पोरं आत अडकतील. मी त्याला उचलून पुढची उजवी बाजू दाखवली. पण रोज येणाऱ्या शेकडो मुलांना ती कोण दाखवणार? तुमच्या मजकुरात वजन आहे, लांबी आहे, ‘शत्रू’ तीनदा आहे, पण आत माणसं बसायची हेच नाही. चार माणसं. टरेटमध्ये उजवीकडे कमांडर, त्याच्या पुढ्यात खाली गनर, डावीकडे लोडर, आणि पुढे उजवीकडे चालक.

म्हणून माझं मागणं असं आहे. फलकावर बाजूने कापलेला रणगाडा काढा आणि चौघांच्या जागा दाखवा. भिंतीवरच्या चित्रासाठी ठेवलेल्या पैशांत हे होईल. होत नसेल तर कमी पडतील ते पैसे मी आणि माझ्या ओळखीचे तिघे निवृत्त जवान मिळून देऊ. चंदेरी रंग देऊ नका. उन्हात डोळे दिपतात आणि तो त्याचा रंग नव्हता. सैनिकी हिरवा द्या. पट्ट्यांवर तिरंगा रंगवायचा विचार सोडून द्या, पट्टे चिखलात फिरतात, तिरंग्याची जागा ती नाही. मुलांना हात लावू द्या, कुंपण घालू नका. सीताबर्डीचा किल्ला वर्षातून मोजक्या दिवशी उघडतो तरी पोरं उन्हात रांगा लावतात, एवढी त्यांना ओढ आहे. आणि अनावरणाला मोठा पाहुणा शोधण्याआधी आपल्याच वस्तीकडे पाहा. अंबाझरी, भंडारा, भद्रावती इथल्या आयुधनिर्माणींत ज्यांनी उभं आयुष्य दारूगोळा बनवण्यात घालवलं, अशी काका मंडळी रोज त्याच बाकांवर बसलेली असतात. त्यांच्यातल्या एकाच्या हातून होऊ द्या.

मजकूर मी असा सुचवतो:

‘विजयंता. भारतात बांधलेला पहिला मुख्य रणगाडा. विकर्स कंपनीच्या आराखड्यावरून आवडी येथे निर्मिती, सेवेत १९६५ च्या अखेरीपासून. वजन ३९ टन, तोफ १०५ मिलिमीटर, गोळे ४४, इंजिन ५३५ अश्वशक्ती, वेग ताशी ४८ किलोमीटर. तोफ आपल्या काळातील उत्तम. कवच पातळ. इंजिन उन्हात तापत असे. ते चालू ठेवण्याचे काम ईएमईच्या कारागिरांनी केले. आत चार जण बसत: कमांडर, गनर, लोडर आणि चालक. चालकाची जागा तुमच्या समोरच्या बाणाने दाखवली आहे.’

बाण पुढच्या उजव्या बाजूला लावावा. उजवी म्हणजे रणगाड्याची उजवी, पाहणाऱ्याची नव्हे. रंगारी भाऊंना हे आधीच सांगून ठेवा, इथे हमखास गोंधळ होतो.

रंगकाम पुढच्या सोमवारी सुरू होणार आहे असं कळलं. त्याआधी शनिवारी संध्याकाळी सहापासून मी रणगाड्यापाशी थांबतो. खडू घेऊन येईन, जागा आखून देईन.

आपला,
वस्तीतला एक निवृत्त गनर